फिरता शाफ्ट, सरकता दांडा : निर्वात सीलविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला : चेंबर बंद, आत निर्वात, आणि बाहेरून आत गती न्यायची आहे. स्थिर झाकणाची ओ-रिंग (गोल छेदाचे रबरी कडे) एकदा नीट बसली की तिला विसरून जाता येते. हलणाऱ्या भागाच्या सीलला ती सवलत नाही. खाली दाबाचे आकडे मिलिबारमध्ये आहेत; गळती मिलिबार-लिटर प्रति सेकंद या एककात धरावी.

प्रश्न : साठ लिटरच्या चेंबरमध्ये २० मिमीचा शाफ्ट मिनिटाला ३० फेरे फिरवायचा आहे. आतला दाब १०⁻⁵ हवा. पुरवठादार म्हणतो, फेरोफ्लुइडिक (चुंबकीय द्रवाच्या) सीलशिवाय गत्यंतर नाही. ओ-रिंगवर भागणार नाही का?

भागेल, पण एका रिंगवर नाही, दोन रिंगांवर.

आधी हिशेब करू. पंपाचा वेग तुम्ही लिहिलेला नाही. चेंबरच्या तोंडाशी तो सेकंदाला १०० लिटर मिळतो असे धरू. १०० गुणिले १०⁻⁵ म्हणजे १०⁻³. एवढा वायू आत येत राहिला तरी दाब १०⁻⁵ वर टिकतो. यातला मोठा वाटा भिंतींमधून सुटणारी पाण्याची वाफ खाऊन टाकते, म्हणून फिरत्या सीलसाठी दहावा हिस्सा, म्हणजे १०⁻⁴, राखून ठेवा. सील निवडायचे ते या आकड्यावरून. कॅटलॉगात ‘अमुक दाबापर्यंत चालते’ असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नका. दाब एकटे सील ठरवत नाही, गळती आणि पंप मिळून ठरवतात.

नवी, ग्रीस लावलेली एकच रिंग सुरुवातीला ही मर्यादा पाळेलही. झिजल्यावर पाळेल याची खात्री नाही. म्हणून एकामागे एक दोन रिंगा बसवा आणि मधल्या पोकळीला भोक पाडून ती छोट्या रोटरी पंपाला जोडा. पोकळीत १ मिलिबार दाब राहिला तरी आतल्या रिंगेला बाहेरच्या हजार मिलिबारऐवजी एकाच मिलिबारचा सामना करावा लागतो आणि तिच्यातून येणारा वायू साधारण हजारपटीने घटतो. बाहेरची रिंग झिजून १०⁻² इतकी गळू लागली तरी ती हवा पोकळीतूनच उचलली जाते. एवढ्यासाठी ६ मिमी आतल्या व्यासाची मीटरभर नळी पुरते. ही नळी टर्बो पंपाच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या मुख्य पंपाच्या) मागच्या लाइनीत मात्र थेट घालू नका. बाहेरची रिंग अचानक फाटली तर त्या लाइनीतला दाब चढेल आणि टर्बो बंद पडेल. वेगळा पंप ठेवा, नाहीतर निदान मध्ये झडप हवी.

आता खाचेची मापे. ३.५३ मिमी जाडीची, २०.२२ मिमी आतल्या व्यासाची व्हायटॉन (उष्णता सोसणाऱ्या फ्लोरिनयुक्त रबराची) रिंग सहज मिळते. खाच शाफ्टवर नाही, सीलच्या घरात, म्हणजे शाफ्टभोवतीच्या स्थिर भागात कोरायची : तळाचा व्यास २६.३५ मिमी, रुंदी ४.८ मिमी. यात रिंग सुमारे १० टक्के दाबली जाते आणि खाच साधारण ६४ टक्के भरते. उरलेली जागा वाया गेली असे समजू नका. रबर दाबले जाते पण त्याचे घनफळ कमी होत नाही, आणि तापल्यावर ते फुगते. खाच ठासून भरली तर रिंग शाफ्टला ब्रेकसारखी धरते.

रिंगेचा आतला व्यास शाफ्टपेक्षा किंचित मोठा का, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. ताणलेले रबर तापले की सैल पडत नाही, उलट आवळते. शाफ्टवर ताणून चढवलेली रिंग घर्षणाने तापते, त्यामुळे आणखी आवळते, त्यामुळे आणखी तापते. शेवटी ती जळून कडक होते. म्हणून फिरत्या शाफ्टसाठी रिंग ताणायची नाही. खाचेच्या तळाने तिला बाहेरून आत दाबायचे. सरकत्या दांड्याला ही अट इतकी कडक नाही.

शाफ्टच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आरए (सरासरी) ०.२ ते ०.४ मायक्रॉन ठेवा. आरशासारखा करण्याच्या नादी लागू नका, त्यावर ग्रीसचा थर टिकत नाही. पॉलिशच्या रेघा परिघाच्या दिशेने असाव्यात, लांबीच्या दिशेने एकही नको. सीलच्या जागी रनआउट (फिरताना शाफ्टचे डगमगणे) ०.०५ मिमीच्या आत हवा. दोन्ही बेअरिंगे सीलच्या बाहेर, म्हणजे हवेच्या बाजूला ठेवता आली तर उत्तम. ग्रीस भरलेले साधे बेअरिंग निर्वातात गेले की तेच वायूचा उगम होते. शाफ्टच्या टोकाला १५ ते २० अंशांचा चाम्फर (तिरकी कड) द्या आणि त्याची धार मोडा. रिंग चढवताना चावीगाळा किंवा आटे वाटेत येत असतील तर त्यांवर पातळ टेप गुंडाळा. नवी रिंग पहिल्याच दिवशी गळते तेव्हा नव्वद टक्के वेळा ती बसवतानाच कापली गेलेली असते, असे आमचे मत आहे.

तुमच्या शाफ्टचा पृष्ठवेग सेकंदाला जेमतेम ०.०३ मीटर आहे. रबराला तो काहीच नाही. फेरोफ्लुइडिक सीलचा खर्च योग्य ठरतो तो वेग हजारो फेऱ्यांचा असताना, शाफ्ट महिनोन्‌महिने अखंड फिरत असताना, किंवा रबराची झीज कण होऊन कामावर पडणे परवडत नसताना.

प्रश्न : गिअरबॉक्सला वापरतो तेच ऑइल सील निर्वात चेंबरच्या २५ मिमी शाफ्टवर लावले. मोटर १४४० फेऱ्यांची. सील नवे कोरे, तरी दाब १ मिलिबारच्या खाली जात नाही. दोन वेळा बदलून पाहिले.

तिसऱ्यांदा बदलू नका, उलटे करून बसवा. गिअरबॉक्समध्ये तेल आत असते, म्हणून स्प्रिंगची बाजू आत ठेवायची सवय हाताला लागलेली असते. लिप सीलचा (ओठ असलेल्या सीलचा; ऑइल सील त्यातलेच) नियम तेलाचा नाही, दाबाचा आहे : स्प्रिंगची उघडी बाजू जास्त दाबाकडे हवी. निर्वात चेंबरला जास्त दाब बाहेर असतो. तुम्ही लावलेल्या दिशेने हवा ओठाला शाफ्टवरून उचलून आत शिरते. उलट दिशेने लावल्यावर तीच हवा ओठ शाफ्टवर दाबून धरते. स्प्रिंग घातलेल्या यू-आकाराच्या टेफ्लॉन सीललाही हाच नियम.

दोन सील लावणार असाल तर दोन्हींची तोंडे एकाच दिशेला, बाहेर. पाठीला पाठ लावायची पद्धत तेल आत आणि धूळ बाहेर ठेवण्यासाठी आहे; इथे त्यातले एक सील नुसतेच घर्षण वाढवते. दोघांच्या मधली जागा एक तृतीयांश भागापर्यंत निर्वातासाठीच्या ग्रीसने भरा आणि तिलाही पंपाचे भोक ठेवा. नाहीतर तिथे अडकलेली हवा तासन्‌तास आत झिरपत राहते आणि बाहेरून हेलियम वायू फवारून शोधूनही कुठे गळती सापडत नाही.

आणखी तीन गोष्टी तपासा. सीलचे बाहेरचे कवच उघड्या धातूचे असेल तर धातू धातूवर ठोकून बसवलेला तो सांधाच गळतो. रबर चढवलेले कवच घ्या. शाफ्ट टर्निंग करून तसाच सोडला असेल तर हत्याराच्या सर्पिल रेघा आट्यासारख्या वागतात आणि फिरताना हवा एका बाजूला ढकलतात. मोटर उलट फिरवून पाहा. दिशेप्रमाणे दाब बदलला तर दोष सीलचा नाही, रेघांचा आहे. हत्यार आडवे न सरकवता ग्राइंडिंग करून घ्या. तिसरे म्हणजे, आधीच्या दोन सीलांनी शाफ्टवर चर पाडला असेल. नखाला लागेल इतका चर असेल तर नवे सील त्याच जागी बसवण्यात अर्थ नाही. मागे पातळ वॉशर घालून ओठ दोन-तीन मिलिमीटर सरकवा किंवा शाफ्टवर बाही चढवा. रबरी ओठासाठी शाफ्टचा कडकपणा निदान रॉकवेल सी ४५ हवा, भरणी घातलेल्या टेफ्लॉनसाठी ५५.

तुमचा पृष्ठवेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर आहे. वंगण टिकले तर लिप सीलला तो झेपतो. साधी ओ-रिंग इथे लावू नका.

प्रश्न : जुन्या ड्रॉइंगमध्ये ‘विल्सन सील’ असा उल्लेख आहे. ते आज वापरतात का?

वापरतात. पुढे फर्मीलॅबचे पहिले संचालक झालेले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४१ साली ते प्रसिद्ध केले. रबराची सपाट चकती, तिला शाफ्टच्या व्यासाच्या साधारण पाऊणपट भोक. चकती तिरकस बैठकीवर अशी दाबायची की तिच्या भोकाच्या कडेचा भाग शाफ्टला लगटून हवेच्या बाजूला वळेल. म्हणजे बाहेरचा दाबच तिला आवळतो. गती फिरती असो वा सरकती, हाताने हळू चालवायची असेल तर ते छान चालते, आणि चकती शीटमधून कापता येते. मोटरला जोडू नका.

प्रश्न : नमुना आत-बाहेर करण्यासाठी २० मिमीचा स्टीलचा दांडा ३०० मिमी सरकतो. दोन ओ-रिंगा आहेत, मध्ये पंपही आहे. दांडा स्थिर असताना गळती दिसत नाही, पण दांडा आत ढकलला की दाब १०⁻⁶ वरून १०⁻⁴ च्या पुढे उडी मारतो आणि काही मिनिटांनी उतरतो. रिंगा खराब आहेत का?

बहुधा नाहीत. फिरत्या आणि सरकत्या गतीतला फरक इथेच आहे. फिरणारा शाफ्ट तोच पृष्ठभाग सीलखाली पुन्हा पुन्हा आणतो. सरकणारा दांडा मात्र दर खेपेला बाहेर हवेत भिजलेला नवा पृष्ठभाग आत नेतो : त्यावर चिकटलेले पाणी, बारीक ओरखड्यांत अडकलेली हवा, आणि ग्रीसचा थर, ज्यात विरघळलेला वायूही असतो. हे सगळे आत गेल्यावर सुटते. दाब चढतो आणि मग हळूहळू उतरतो, यावरूनच ते ओळखता येते. रिंग फाटलेली असती तर दाब वरच राहिला असता.

उपाय भूमितीचा आहे. दोन रिंगांमधले अंतर सरकण्याच्या लांबीपेक्षा जास्त ठेवा. तुमच्या बाबतीत ३२० मिमी ठीक. मग जो भाग चेंबरमध्ये जातो तो त्याआधी फक्त मधल्या पोकळीत असतो, बाहेरच्या हवेत कधीच येत नाही. यंत्र त्यामुळे लांबते. त्याला इलाज नाही. एवढी जागा नसेल तर दांडा टप्प्याटप्प्याने सरकवा आणि दर टप्प्याला पोकळीतल्या पंपाला वेळ द्या. दांड्याच्या पॉलिशच्या बाबतीत इथे लांबीच्या दिशेचा ओरखडा सर्वांत घातक : तो सीलखालून सरळ नालीसारखा जातो.

लांब पल्ल्यावर ओ-रिंगेचा आणखी एक रोग म्हणजे पीळ. रिंगेचा एक भाग सरकतो, दुसरा लोळतो, आणि काही दिवसांनी तिच्या अंगावर तिरक्या चिरा पडतात. काढलेल्या रिंगेवर साधारण ४५ अंशांत कापल्यासारख्या खुणा दिसल्या तर रबर बदलून उपयोग नाही. दांडा मध्यावर आहे का, ग्रीस सगळीकडे सारखे आहे का, ते बघा. नाहीतर एक्स-आकाराच्या छेदाची रिंग घ्या, ती लोळत नाही. सरकत्या कामाला रिंग १० ते १५ टक्के दाबली गेली तरी पुरते.

आणि दांड्याला आवर ठेवा. २० मिमी व्यासावर हवेचा दाब त्याला सुमारे ३.२ किलो जोराने आत ओढतो. दांडा वरून उभा आत जात असेल तर त्याचे वजन यात मिळवा. हात सुटला आणि दांडा आत धडकला तर रिंगेपेक्षा नमुना आधी जातो.

प्रश्न : वरच्यासारखेच काम, पण दाब १०⁻⁹ आणि चेंबर भट्टीसारखा २०० अंशांपर्यंत तापवायचा आहे.

इथे सरकते रबर विसरा. त्यातून पाण्याची वाफ आणि हवा झिरपत राहते आणि सतत २०० अंशांवर व्हायटॉनही मर्यादेच्या टोकाला पोचते. धातूचा बेलोज (भात्यासारखी घड्यांची नळी) किंवा चुंबकाने ओढला जाणारा दांडा, दोनच पर्याय उरतात.

बेलोजमध्ये कडेने वेल्ड केलेल्या पातळ चकत्यांचा प्रकार घ्या. फुगवून घडवलेल्या बेलोजपेक्षा तो कितीतरी जास्त पल्ला देतो. त्याला पीळ देऊ नका, थोडाही. गती फिरती आणि सरकती दोन्ही हवी असेल तर फिरण्याची सोय वेगळी करा. चकत्यांच्या मध्ये धातूचा एक कीस अडकला तरी दाबल्यावर भोक पडते, म्हणून बसवण्याआधी जवळपास कानस चालवायची नाही. लांब बेलोजला आतून मार्गदर्शक दांडा हवा, नाहीतर तो बाजूला सापासारखा वळतो. ४० मिमी सरासरी व्यासाच्या बेलोजवर हवेचा जोर सुमारे १३ किलो पडतो. स्क्रू आणि मोटर त्या हिशेबाने निवडा.

चुंबकी जोडणीत भिंतीला भोकच नसते, त्यामुळे गळतीचा प्रश्न उरत नाही. पण जोर वाढला की आतला दांडा मागे रेंगाळतो, फार वाढला की सुटतो. नेमकी जागा गाठायची असेल तर मापन आतल्या बाजूला ठेवा. तापवण्याआधी बाहेरचे चुंबक काढून ठेवा. निओडिमियमचे साधे चुंबक ८० अंशांच्या पुढे कमजोर होऊ लागतात. आतले चुंबक काढता येत नाहीत, ते समेरियम-कोबाल्टचे घ्या.

प्रश्न : फेरोफ्लुइडिक सील आठवडाभर बंद होते. चालू केल्यावर मोटर अडखळली आणि दाब एकदम उसळला. मग सगळे ठीक. सील गेले का? हेच सील सरकत्या दांड्याला चालेल का?

गेले नाही. या सीलमध्ये चुंबक आणि शाफ्ट यांच्यातल्या बारीक फटीत चुंबकीय द्रवाची एकामागे एक कडी असतात. एक कडे साधारण ०.२ बार पेलते, म्हणून पूर्ण वातावरणासाठी पाचाहून जास्त कडी ठेवतात. सील बरेच दिवस थांबले की द्रव फटीत दाट होतो. पहिला फेरा जड जातो. त्याच धक्क्यात एखादे कडे क्षणभर फुटते, दोन कड्यांमधली अडकलेली हवा आत निसटते आणि कडे पुन्हा जुळते. तुम्ही पाहिलेली उसळी तीच. यावर युक्ती सोपी : नाजूक काम सुरू करण्याआधी, दाब मोजणाऱ्या गेजची तापलेली तार बंद ठेवून, शाफ्ट काही मिनिटे हळू फिरवा. उसळ्या रोज, चालत्या शाफ्टवरही येऊ लागल्या तर मात्र द्रव कमी झाला असे समजा.

द्रव कमी होतो तो उष्णतेने आणि सॉल्व्हंटने. ८० ते १०० अंशांच्या वर सील जाणार असेल तर पाण्याचे शीतकरण असलेले घ्या, आणि पाण्याच्या लाइनीत प्रवाह-स्विच लावा. चेंबर पुसताना अल्कोहोलची चिंधी शाफ्टच्या फटीजवळ नेऊ नका.

सरकत्या दांड्याला हे चालत नाही; दांडा द्रव स्वतःबरोबर ओढून नेतो. जाता जाता, हा द्रव १९६३ साली नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी केला तो सीलसाठी नव्हे. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढता यावे, असा बेत होता.

प्रश्न : ग्रीस कोणते आणि किती?

परफ्लुरोपॉलिइथर जातीचे, निर्वातासाठी म्हणून विकले जाणारे. ऑक्सिजन पंप होत असेल तर याच जातीचे, दुसरे नाही. हायड्रोकार्बनचे निर्वात ग्रीसही चांगले, पण दोन्ही एकमेकांत मिसळू नका. सिलिकोन ग्रीस टाळा : ते पृष्ठभागावर पसरत जाते आणि आत लेप देण्याचे काम असेल तर लेप सोलून निघतो.

रिंग ओली चमकली पाहिजे, बोटाला गोळा लागता कामा नये. जास्तीचे ग्रीस सील चांगले करत नाही, धूळ धरते आणि वायू सोडते. स्थिर रिंगा कोरड्याच बसवा. व्हायटॉन रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोनमध्ये बुडवाल तर ती फुगून निकामी होईल.

प्रश्न : हेलियम लीक डिटेक्टरने दुहेरी ओ-रिंगेचे सील तपासले. फवारल्यावर लगेच काही नाही, पाच-सात मिनिटांनी सिग्नल हळूहळू वाढत गेला. गळती कुठे शोधावी?

शोधू नका, ती सापडणार नाही. हेलियम रबरातून आरपार झिरपतो आणि त्याला काही मिनिटे लागतात. खरी फट असेल तर सिग्नल काही सेकंदांत उठतो आणि फवारा थांबताच पडतो. म्हणून फवारा लहान द्या, दोन-तीन सेकंद, आणि शाफ्ट हळू फिरवत ठेवून तपासा. थांबलेले सील बऱ्याचदा निर्दोष दिसते.

डिटेक्टर रोज जोडता येत नाही, त्यामुळे दाब-वाढीची चाचणी नेमाने करावी. मुख्य झडप बंद करा आणि दर मिनिटाला दाब लिहा. साठ लिटरच्या चेंबरमध्ये दहा मिनिटांत दाब ०.०१ वरून ०.०४ वर गेला तर ६० गुणिले ०.०३ भागिले ६०० सेकंद, म्हणजे ०.००३ इतका वायू आत येतो आहे. आलेख सरळ रेषेत चढत राहिला तर गळती. वाकून आडवा होत गेला तर भिंतींतून सुटणारा वायू. हीच चाचणी शाफ्ट थांबवून एकदा आणि फिरवत एकदा करा. दोन आकड्यांतला फरक तेवढा फिरत्या सीलचा. मधली पोकळी पंपावर असताना आणि पोकळीची झडप बंद करून, असेही दोन आकडे घेतले तर कोणती रिंग गेली ते कळते : झडप बंद केल्यावर पोकळीतला दाब भराभर चढला आणि चेंबरचा जागेवरच राहिला, तर बाहेरची रिंग बदलायची आहे, आतलीला हात लावायची गरज नाही.